सहा ताटांचं शेत

गोष्ट एकोणीसशे एक्याऐंशी सालची. साल नक्की आठवतं, कारण त्या वर्षी गावाची बस एकदाच वेळेवर आली आणि ती वेळेवर आल्यामुळे सगळ्या गावाची चुकली.

त्या बसमधून मोजणीदार उतरले. बगलेत नोंदवही, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि मागे मोजणीची साखळी ओढणारे त्यांचे मदतनीस, साखळीवाले आजोबा, पण साखळीशिवाय. साखळी दुरुस्तीला गेली होती. सरकारचा नवा कायदा आला होता, की जो जमीन कसतो त्याचं नाव जमिनीवर लागायचं. मोजणीदारांना संध्याकाळच्या बसच्या आत एकतीस शेतं लिहायची होती. गावातले पुरुष बांधकामाला, गिरण्यांना, जिकडे काम मिळेल तिकडे गेलेले. शेतात भेटल्या त्या बायकाच. तेव्हा कसतो कोण, हा प्रश्न विचारावासुद्धा लागला नाही.

बाराव्या शेतात धाकटी भेटली. धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. तिचा नवरा गवंडी होता, वर्षातून दोनदा घरी येई आणि आला की पहिले चार दिवस झोपे. घरात सासूबाई, दोन मुली आणि ती. वाफ्यात बटाटे, कडेला मका, मधून शेंगांचे वेल, खालच्या बाजूला भोपळा. ती गुडघाभर मातीत होती.

"शेत केवढं?" मोजणीदारांनी विचारलं.

"सहा ताटांचं," धाकटी म्हणाली.

यात तिचं काही चुकलं नाही. त्या गावच्या बायका शेत असंच मोजत. पुरुष पावलांनी मोजत आणि भांडत. बायका म्हणत, हे चार ताटांचं, ते नऊ ताटांचं, म्हणजे ज्या शेतावर वर्षभर इतक्या माणसांची दोन वेळची ताटं भरतात ते. लग्न ठरवायच्या आधी मुलीची आई गुपचूप विचारून घ्यायची, "ताटं किती?" उत्तर ऐकून ती हसली की लग्न ठरलं.

मोजणीदारांनी तीस वर्षांच्या नोकरीत पावलं लिहिली होती, दोऱ्या लिहिल्या होत्या, एकदा तर 'एका म्हाताऱ्याची हाक पोचेल तिथवर' असंही लिहिलं होतं. वरून कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी 'क्षेत्र'खाली सहा लिहिलं, 'परिमाण'खाली ताटे लिहिलं, आणि तेराव्या शेताकडे वळले.

दोन महिन्यांनी कागद आला. त्यावर शिक्का होता आणि धाकटीचं नाव होतं. ते तिने दोनदा वाचलं, मोठ्या मुलीकडून तिसऱ्यांदा वाचून घेतलं, आणि कागद पिठाच्या डब्यात ठेवला. घरात उंदरांपासून सुरक्षित अशी तेवढी एकच जागा होती.

आता थोरल्या दिरांबद्दल. गाव त्यांना 'अध्यक्ष' म्हणे. फार वर्षांपूर्वी एका सभेला ठरलेले अध्यक्ष आले नाहीत म्हणून यांना खुर्चीवर बसवलं होतं. खुर्ची परत नेली, पण ते काही उतरले नाहीत. त्यांनी आपल्या वाटच्या सगळ्या जमिनीत सुगंधी गवत लावलं होतं. ते गवत साबणाच्या कारखान्यात जाई. त्यामुळे अध्यक्षांच्या घराला वास फार छान यायचा आणि चुलीवर काही नसायचं. थोरली जाऊ रोज दुपारी रिकामी टोपली घेऊन धाकटीकडे यायची आणि म्हणायची, "सहज आले होते."

"सहज आलात तर सहज चार बटाटे न्या," धाकटी म्हणायची.

अध्यक्ष स्वतः टोपली आणत नसत. ते जेवायच्या वेळेला आईला भेटायला येत. सहा ताटांतलं सहावं ताट येणाऱ्या-जाणाऱ्याचं असे. गेली दोन वर्षं येणारेही अध्यक्ष आणि जाणारेही अध्यक्षच.

मग साबणवाला आला. साबणाच्या कारखान्याचा माणूस, हातात वास घ्यायच्या कागदी पट्ट्या. त्याला रस्त्यापासून ओढ्यापर्यंत सलग गवत हवं होतं. मध्ये धाकटीचे बटाटे.

"त्याचं काय एवढं!" अध्यक्ष म्हणाले, आणि तो कागद बघायला मागितला. धाकटीने पिठाचा डबा उघडला. अध्यक्षांनी कागद झटकला, वाचला, पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा असा खुलला की सासूबाई म्हणाल्या, "काय रे, तुझंच नाव निघालं का?"

"नाव हिचंच आहे, आई. पण क्षेत्र बघ. सहा ताटं!"

"मग? सहाच तर आहेत."

"हो ना. सहाच आहेत," अध्यक्ष म्हणाले आणि न जेवता गेले. धाकटीने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. ते न जेवता कधीच जात नसत.

आठवड्याने मोजणीदार पुन्हा आले, या वेळी दुरुस्त साखळीसह. अध्यक्षांनी हद्द ठरवून मागितली होती. त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातली सहा ताटं आणली. तशी ती रिकामीच होती. शेताच्या कोपऱ्यात एकाला एक लावून मांडली.

"ही तुझी जमीन, धाकटे. बाकीची आमच्या वडिलांच्या नावावर. म्हणजे घरातला थोरला म्हणून मी बघणार."

"भावजी, थट्टा करता का?"

"थट्टा कसली? शिक्का आहे त्यावर!"

धाकटीने मोजणीदारांकडे पाहिलं. मोजणीदारांनी ओढ्याकडे पाहिलं. नोंदवहीत खाडाखोड करणाऱ्याची चौकशी लागते आणि चौकशी लागलेल्याचं निवृत्तिवेतन अडतं, हा नियम त्यांना पाठ होता. त्यांना सात महिने उरले होते.

"बाई, लिहिलंय ते मोजणं माझं काम," ते हळूच म्हणाले. "काय मोजावं, ते माझ्या हातात नाही."

साखळीवाल्या आजोबांनी ताटांभोवती चुन्याची सहा वर्तुळं काढली. त्यांनी ती फार मन लावून काढली. आणि हुकूम असा झाला, की निकाल लागेपर्यंत वर्तुळांच्या बाहेरचं काही उपटायचं नाही, खणायचं नाही, तोडायचं नाही. हरकत घ्यायला तीन दिवस.

वर्तुळांत काय होतं? एकात अर्धा भोपळा. त्याचा दुसरा अर्धा भाग हद्दीबाहेर होता. दोनांत शेंगांचे वेल, एकात मुंग्यांचं वारूळ, आणि दोनांत नुसती माती. बटाटे तयार होऊन जमिनीत पडले होते आणि घरात पिठाच्या डब्यात कागदच जास्त होता.

सासूबाई एका वर्तुळात जाऊन बसल्या.

"आई, उठा, ऊन लागेल."

"मी माझ्या जमिनीत बसले आहे. पाय बाहेर गेलेत का बघ. नाहीतर तो तेवढेही घेऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी धाकटी कचेरीत गेली. खिडकीतले कारकून डबा खात होते.

"हरकत घ्यायची आहे."

"कारण?" तोंडात घास होता.

तिने त्यांच्या डब्याकडे पाहिलं. "साहेब, सकाळी घरून जेवून निघालात?"

"निघालो की."

"मग आता परत?"

"बाई, भूक लागते माणसाला! सकाळचं सकाळी गेलं."

"हेच लिहायचंय मला," धाकटी म्हणाली. "सहा ताटं लिहिलीत, पण किती वेळा ते लिहिलं नाहीत. आमच्या घरी रोज लागतात. दोनदा."

कारकुनांनी घास गिळला. बावीस वर्षांत त्यांच्या खिडकीला इतका सरळ मुद्दा आला नव्हता. त्यांनी तो आपल्या अक्षरात लिहिला, वर पाठवला, आणि उरलेला डबा तिला देऊ केला. ती नको म्हणाली. बाहेर येऊन तिला वाटलं, हो म्हणायला हवं होतं. मुलींसाठी बांधून नेलं असतं.

वीस दिवस उत्तर आलं नाही. ते वीस दिवस घर सहा वर्तुळांवर चाललं. अर्धा भोपळा चार दिवस पुरला. शेंगा सोलताना धाकटी दाणे मोजू लागली, आणि धाकटी मुलगी पाण्यावर पाणी पिऊ लागली. सहावं ताट बंद झालं. त्याचा परिणाम असा झाला, की अध्यक्षांचे गालही बसले. थोरली जाऊ रोज टोपली घेऊन यायची, रिकामी ठेवायची, रिकामी उचलायची. सवय होती.

"तुमच्या नवऱ्याने स्वतःच्याच पोटावर हरकत घेतली, जाऊबाई," धाकटी एकदा म्हणाली.

"मला काय सांगतेस? काल रात्रीच्या पाण्यालाही गवताचा वास येत होता. ढेकर आला तर साबणाचा येतो."

एकविसाव्या दिवशी उत्तर आलं. वरच्या कचेरीत 'ताट' या शब्दाचा अर्थ शोधताना सगळी कपाटं उघडली होती. जमिनीच्या कुठल्याच नियमात ताट नव्हतं. ते शेवटी कामगारांच्या भोजनालयाच्या नियमात सापडलं, आणि सापडलं तसंच्या तसं उतरवून खाली पाठवलं होतं. एक ताट म्हणजे बसलेल्या एका माणसापुढे वाढलेलं, भरलेलं ताट. जागा, माणूस धरून, अर्धा चौरस मीटर. दिवसातून दोन वेळा. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. ताट रिकामं असल्यास ते भांडं समजावं, ताट समजू नये. आणि शेवटी शाईने जोडलं होतं, की भरायचं ते त्याच शेतातल्या पिकाने. त्यासाठी एक दिवस खणायला परवानगी.

मोठ्या मुलीने पाटीवर गुणाकार केला. सहा दुणे बारा, बारा गुणिले तीनशे पासष्ट.

"चार हजार तीनशे ऐंशी ताटं, आई."

धाकटी खाली बसली. गावात सगळी मिळून ताटं शंभर.

"मग शंभर माणसं बसव," सासूबाई म्हणाल्या. "आणि पुढं सरकव."

मोजणीच्या आदल्या दिवशी तिने बटाटे खणले. वीस दिवस वाट पाहून ते मुठीएवढे झाले होते. गावातल्या बायका कुणी न सांगता आल्या. त्यांच्याही कागदांवर ताटंच लिहिलेली होती, कुणाची चार, कुणाची नऊ. धाकटीची सहा गेली असती तर दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या शेतात चुना पडला असता. मोठमोठ्या पातेल्यांत बटाटे, मका, शेंगा शिजल्या. त्या वासाने अध्यक्ष तीन वेळा आपल्या दारात आले आणि काही विसरल्यासारखं करून तीन वेळा आत गेले.

सकाळी सगळं गाव शेताच्या वरच्या कडेला दोन ओळींत मांडी घालून बसलं. म्हातारे, लेकुरवाळ्या, शाळेचे मास्तर, बसचे कंडक्टर. त्या दिवशी बस उभीच राहिली. साबणवाला निकाल बघायला आला होता, त्यालाही बायकांनी खांद्याला धरून सत्तावन्नाव्या जागेवर बसवलं. थोरली जाऊ पहिल्या ओळीत होती. प्रत्येकापुढे ताट, ताटात बटाटे, बटाट्यांतून वाफ.

"कुणी चाखायचं नाही!" साबणवाल्याशेजारी आपल्या ताटापुढे बसलेल्या सासूबाई काठी उगारत होत्या. "घास उचलला की भांडं झालं!"

साखळीवाल्या आजोबांनी मोजलं. "नव्व्याण्णव."

पुन्हा मोजलं. नव्व्याण्णव. शंभराव्या ताटापुढे माणूस नव्हता. बसलेला माणूस नसेल तर ते ताट नव्हे. ओळी एकदा पुढे सरकल्या की एक सरकी, आणि परवानगी चव्वेचाळीसच सरकींची; प्रत्येक सरकीला एक कमी म्हणजे चव्वेचाळीस कमी. मोजणीदारांनी कागदावर आकडेमोड केली आणि घाम पुसला.

"गाव संपलं," धाकटी म्हणाली. मोजणारे सोडले तर सगळ्या गावात एकच माणूस उभा होता, आणि तो कमरेवर हात ठेवून हसत होता.

"शिवाय मोजणीदार, आणखी एक," अध्यक्ष म्हणाले. "तीच ती शंभर ताटं पुढे पुढे नेणार? एकच ताट चव्वेचाळीस वेळा कसं मोजता?"

मोजणीदारांनी आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून उत्तर दिलं. "साखळीही एकच असते, साहेब. तीच पुढे पुढे नेतो. चव्वेचाळीस साखळ्या घेऊन मी येत नाही."

लोक हसले. अध्यक्ष तापले. "बरं, ताटाचं सोडा! माणसाला अर्धा मीटर कशाला लागतो? ही उधळपट्टी आहे! नीट आवरून बसलं तर पावात भागतं. सरकारला बसायची अक्कल नाही. असं! हे बघा, असं बसायचं!"

आणि दाखवायला ते शंभराव्या ताटापुढे मांडी घालून बसले.

"शंभर," साखळीवाले आजोबा म्हणाले, आणि शिट्टी फुंकली.

"अहो, मी दाखवत होतो!"

"मोजलं गेलं," मोजणीदार म्हणाले. "मोजणीत धरलेला माणूस मध्येच उठला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नियम आहे."

"पहिल्यापासून?" नव्व्याण्णव उपाशी माणसं एकदम ओरडली. कंडक्टर तर म्हणाला, "अध्यक्ष, उठून तर बघा, तुमच्यासाठी बस थांबवायची कायमची बंद!" अध्यक्षांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी ताटात पाहिलं. त्यांनाही नीट जेवून वीस दिवस झाले होते.

शिट्टी वाजली की सगळ्यांनी ताट उचलायचं, सव्वा मीटर पुढे जायचं, बसायचं. पुन्हा शिट्टी. दहाव्या सरकीला म्हाताऱ्यांचे गुडघे वाजू लागले. विसाव्याला बटाटे गार झाले. तिसाव्याला साबणवाल्याने विचारलं, "हे कुठल्या जातीचे बटाटे?" आणि सासूबाईंनी त्याच्या बोटावर काठी ठेवली. अध्यक्ष दर वेळी कण्हत उठत, ताट छातीशी धरत, आणि दर वेळी बसताना पूर्ण अर्धा मीटर व्यापत. पोट बसलं होतं, पण मांडी तीच होती.

चाळिसाव्या सरकीला शेत संपलं. पुढे अध्यक्षांचं गवत.

शिट्टी थांबली. साखळीवाल्या आजोबांनी वहीत पाहिलं. "चार हजार झाली. तीनशे ऐंशी राहिली."

"म्हणजे?" अध्यक्षांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"म्हणजे चला पुढे," आजोबा म्हणाले.

आणि अध्यक्ष, हातात भरलेलं ताट घेऊन, नव्व्याण्णव लोकांच्या ओळीत, स्वतःच्या गवतात शिरले. एक्केचाळीस. बेचाळीस. गवत पायाखाली मोडलं, सगळीकडे साबणाचा घमघमाट सुटला आणि लहान मुलं शिंकू लागली. त्रेचाळिसाव्या सरकीला अध्यक्षांच्या अंगणाचं दगडी कुंपण आलं, ते ओलांडलं. चव्वेचाळिसाव्याला ऐंशीच माणसं हवी होती. मोजणीदारांनी वीस जणांना उठवायचं ठरवलं. अध्यक्षांना म्हणाले, "तुम्ही उठलात तरी चालेल आता."

"राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "इतका आलोय."

ते आपल्याच घराच्या पायरीशी टेकले. आजोबांनी त्यांच्या पाठीमागून, पायरीच्या अलीकडे, चुन्याची रेघ मारली. पायरीपर्यंतची जमीन धाकटीची झाली.

"मोजणी पूर्ण," मोजणीदार म्हणाले. "जेवा."

बराच वेळ नुसता चावण्याचा आवाज येत होता. धाकटीने आपल्या ताटाला हात लावला नव्हता. ती मुलींकडे बघत होती. धाकट्या मुलीने दोन बटाटे संपवले, तिसरा घेतला आणि मग पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. तेव्हा धाकटीने पहिला घास घेतला.

"मीठ कमी आहे," अध्यक्ष म्हणाले.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "सहावं ताट आहे तुझं. उद्या ये, घालू."

मोजणीदार सात महिन्यांनी निवृत्त झाले. त्यांच्या एकाही नोंदीत कधी खाडाखोड नव्हती म्हणून कचेरीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी जाण्याआधी त्या गावच्या बाकीच्या तीस शेतांच्या नोंदींना भोजनालयाचा नियम चिकटवून ठेवला. साखळीवाले आजोबा त्यानंतर चुना हातात धरायचे नाहीत, म्हणायचे, चांगली वर्तुळं एकदाच येतात. खिडकीतले कारकून दर वर्षी बटाट्यांच्या दिवसांत शेताची पाहणी करायला येत, डबा न आणता.

साबणवाल्याने सलग जमीन दुसरीकडे शोधली. जाताना त्याने बियाण्याचे चार बटाटे खिशातून नेले. अध्यक्षांनी गवत उपटायला दोन वर्षं घेतली. खरं तर ते थोरल्या जावेने उपटलं, अध्यक्षांनी अध्यक्षस्थान भूषवलं. मग जावेनेही आपलं नाव कागदावर लावून घेतलं, पाच ताटांना. तिची टोपली पुढे भरूनच यायची, आणि सवयीने ती धाकटीच्या घरी ठेवून जायची. अध्यक्षांनी दाराबाहेर पाऊल टाकलं की ते धाकटीच्या शेंगांत पडायचे. पडता पडता चार शेंगा तोडून खायचे. बारा वर्षांनी ते गेले, जेवूनच गेले. सासूबाई त्यांच्यानंतर तीन वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत बाहेर बसताना पाय आत घेऊन बसत.

गवंडी नवरा त्या वर्षी घरी आला, चार दिवस झोपला, पाचव्या दिवशी शेत मोठं का दिसतंय असं विचारू लागला. सांगितल्यावर पुन्हा झोपला. म्हातारपणी तो भाजी निवडायला शिकला.

धाकटी मुलगी लग्न होऊन दूर गेली, नऊ ताटांवर. मोठ्या मुलीच्या नावावर आता ते शेत आहे. मध्यंतरी कचेरीत संगणक आले, तेव्हा यंत्र ताटं घेईना. नव्या साहेबांनी भागाकार केला आणि एक ताट म्हणजे बरोबर तीनशे पासष्ट चौरस मीटर असं ठरवलं. ते चार दशांश स्थळांपर्यंत तपासलं, जुळलं.

धाकटी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. मुलीने छापील उतारा वाचून दाखवला, "दोन हजार एकशे नव्वद." धाकटीने तो हातात घेतला, उलटसुलट बघितला, पिठाच्या डब्यात टाकला आणि विचारलं, "ते राहू दे. जेवायला आज कितीजण आहेत?"